बेकायदा मासेमारी रोखायची कशी? नौकेच्या कागदांपासून दंडाच्या आदेशापर्यंत

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण २ लाख १ हजार टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत हा ४५ वर्षांतला नीचांक होता. आदल्या वर्षी हाच आकडा २ लाख ९५ हजार टन होता. २०१९मध्ये एकामागून एक वादळं आली आणि मासेमारीचे कितीतरी दिवस वाया गेले, हे खरं. पण कोणत्याही बंदरावर जुन्या तांडेलाशी, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाशी, बोललात, तर वादळांच्या आधी तो दुसऱ्याच गोष्टी सांगेल: बारीक आसाची (छिद्रांची) जाळी, रात्रीचे एलईडी दिवे, परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका) आणि लिलावात टोपल्या भरून येणारी पापलेटची पिल्लं.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कायद्यात एकतर बंदी आहे किंवा मर्यादा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. तरीही अंमल कमी पडतो. गस्त अपुरी आहे, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की तक्रार अधिकाऱ्यासमोर पोहोचते तेव्हा तिच्यात नौकेचा नंबर नसतो, जागा नसते, वेळ नसते. आणि पुष्कळदा तक्रार करणाऱ्याच्याच नौकेचे कागद अपुरे असतात, म्हणून तो पुढे यायला कचरतो. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. नौकामालक, तांडेल आणि मच्छीमार सहकारी सोसायट्यांचे सचिव यांनी नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी हे पक्कं करा: कोणतं पाणी कोणाचं

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी मासेमारीच्या बाबतीत राज्य सरकारच्या अखत्यारीत येतं. राज्यघटनेच्या राज्यसूचीत मत्स्यव्यवसाय आहे तो याच अर्थाने. त्यापलीकडची मासेमारी केंद्रसूचीत आहे आणि ती २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रापर्यंत जाते. १२ मैलांच्या आत कायदा राज्याचा, अधिकारी मत्स्यव्यवसाय विभागाचा. बाहेर केंद्राचे नियम आणि तटरक्षक दल.

ही रेषा पाण्यावर दिसत नाही, पण तक्रारीचा निकाल तिच्यावर ठरतो. तुम्ही १५ मैलांवरच्या ट्रॉलरची तक्रार जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दिलीत, तर समोरचा वकील पहिला प्रश्न अधिकारक्षेत्राचाच काढणार. म्हणून तांडेलाने जीपीएसवर अंतर बघायची सवय लावून घ्यायला हवी, आणि ‘बाहेर समुद्रात’ असं कधीच लिहायचं नाही.

राज्याच्या पाण्यातही आत आणखी रेषा आहेत. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान आणि पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलेला आहे. यांत्रिक ट्रॉलरना जागेप्रमाणे ५ ते १० वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीच्या आत यायला मनाई आहे. सहापेक्षा जास्त सिलिंडरचं इंजिन असलेल्या यांत्रिक नौकांना १२ मैलांच्या आत मासेमारीच करता येत नाही. हे पट्टे सरकारच्या मनात आपोआप आलेले नाहीत. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला भिडले, तेव्हा गोव्यातल्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, मोठं आंदोलन उभारलं. देशातले सागरी मासेमारीचे राज्य कायदे अशा संघर्षांतूनच आले. रापण लावणाऱ्याला खोल समुद्रात जाता येत नाही. त्याच्या दाराशी आलेली मासळी दुसऱ्याने ओढून नेली की त्याचा हंगाम संपला. म्हणून माझ्या मते अख्ख्या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम हे किनाऱ्यालगतच्या राखीव पट्ट्याचं आहे, आणि सर्वांत जास्त तुडवलं जातं तेही तेच.

नौकेचे कागद: नोंदणी वेगळी, परवाना वेगळा

इथे फार जणांची गल्लत होते. नोंदणी नौकेची असते: ही होडी अस्तित्वात आहे, तिचा मालक अमुक आहे, लांबी-रुंदी इतकी आहे, इंजिन हे आहे. ही नोंदणी केंद्राच्या नौवहन कायद्याखाली होते आणि तिचा नंबर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होतो. परवाना मासेमारीचा असतो: या नौकेने, या पद्धतीच्या जाळ्याने मासेमारी करावी. तो राज्याच्या कायद्याखाली परवाना अधिकारी देतो. नोंदणी असून परवाना नसलेली नौका समुद्रात जाऊ शकते, पण जाळं टाकलं की गुन्हा. आणि गिलनेटचा (पाण्यात उभ्या सोडायच्या जाळ्याचा) परवाना घेऊन ट्रॉल ओढणं हेही विनापरवानाच धरलं जातं.

दोन्ही अर्ज आता रिअलक्राफ्ट या केंद्राच्या पोर्टलवर भरले जातात. बसण्याआधी गोळा करायचे कागद: नौका बांधणाऱ्याचा दाखला आणि बांधणीची परवानगी, इंजिनाचं बिल, मालकाचं आधार आणि रहिवासाचा पुरावा, सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, नौकेचे बाजूने आणि समोरून काढलेले फोटो. अर्ज गेल्यावर अधिकारी येऊन नौकेची मापं घेतो आणि इंजिनाचा नंबर ताडून बघतो.

हा इंजिनाचा नंबर जपा. जुनं इंजिन निकामी झालं की दुसरं बसवलं जातं, ते बहुधा सेकंडहँड, आणि बिल कुठेतरी गहाळ होतं. वर्षभराने तपासणी झाली की नोंदणीपुस्तिकेत एक नंबर आणि इंजिनावर दुसरा. मग डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती अडकते, विमा अडकतो आणि नौका संशयाच्या यादीत जाते. इंजिन बदललं त्याच आठवड्यात बदलाचा अर्ज करा, इंजिनावरच्या नंबराचा जवळून फोटो काढून ठेवा. नौका विकत घेतली असेल तर नावावर करून घ्या. ‘माणूस ओळखीचा आहे, कागद नंतर करू’ असं म्हणून वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावाने फिरणाऱ्या नौका प्रत्येक बंदरात आहेत. अपघात झाला की त्या घराच्या हाती काही लागत नाही.

नोंदणी क्रमांक नौकेच्या दोन्ही बाजूंना लांबून वाचता येईल इतका मोठा, ठरवून दिलेल्या रंगसंगतीत लिहिलेला असायला हवा. २००८ मध्ये ‘कुबेर’ या पोरबंदरच्या ट्रॉलरमधून दहशतवादी मुंबईच्या दिशेने आले, तेव्हापासून हा निव्वळ मत्स्यव्यवसायाचा विषय राहिलेला नाही. खलाशांची ओळखपत्रं मूळ प्रतीत नौकेवर हवीत. बंदरातून निघताना टोकन घ्या, परत आल्यावर नोंद करा. नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंडहून येणारे खलाशी आता कोकणातल्या नौकांवर मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे कागद हंगाम सुरू होण्याआधी बघून घ्या, जेट्टीवर नौका सुटताना नव्हे.

नौका यांत्रिक असेल तर ट्रान्सपॉन्डर बसवून घ्या. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये या योजनेची सुरुवात झाली. देशभरात १ लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेली ही यंत्रं बसवायची आहेत. मोबाइलची रेंज संपते तिथेही यातून दोन्ही बाजूंनी संदेश जातो, वादळाची सूचना येते, सागरी हद्द जवळ आल्याचा इशारा मिळतो. ‘सरकार आपल्यावर नजर ठेवणार’ म्हणून काही जण ते बंद करून ठेवतात. मला हे पटत नाही. खोट्या तक्रारीत अडकलात, तर तुमची नौका त्या रात्री कुठे होती हे सांगणारा तुमच्या बाजूचा साक्षीदार हाच.

१२ मैलांपलीकडे जाणाऱ्यांसाठी एक नवी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम अधिसूचित केले. यांत्रिक आणि मोठ्या मोटारयुक्त नौकांना तिथे मासेमारी करायला प्रवेशपास घ्यावा लागतो. तोही रिअलक्राफ्टवरूनच, विनाशुल्क. लहान पारंपरिक नौकांना यातून सूट आहे.

जाळं मोजा, मग मासळी मोजा

ट्रॉल जाळ्याच्या खोल्याला, म्हणजे शेवटच्या पिशवीला, किमान ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा. चौकोनी का, हे समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या शंकरपाळी आकाराच्या आसाला ओढ बसली की तो मिटतो, त्यामुळे कागदावर ४० मिलिमीटर असलेला आसही पाण्याखाली बारीक जाळीसारखा वागतो. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो आणि पिल्लांना निसटायला वाट मिळते.

मोजायची रीत अशी. जाळं आधी पाण्यात भिजवा, कारण सुकं जाळं वेगळं माप देतं. कडेच्या दोऱ्यापासून थोडं आत जाऊन सलग दहा आस निवडा. दोघांनी दोन टोकं धरून लांबीच्या दिशेने हाताने ताणायचं, फार जोर लावायचा नाही. पहिल्या गाठीच्या मध्यापासून शेवटच्या गाठीच्या मध्यापर्यंत पट्टी लावा आणि आलेल्या मापाला दहाने भागा. हे खोल्याच्या तीन वेगवेगळ्या जागी करा. शेवटाकडे मासळीचा भार पडतो तिथे दोरा ओढला जाऊन गाठी सरकतात, त्यामुळे एकाच जाळ्यात माप बदलतं. खोल्यावर आतून किंवा बाहेरून दुसरं बारीक जाळं चढवलेलं असेल तर आस कितीही मोठा असून उपयोग नाही. तपासणी करणाऱ्याने हात घालून हेच आधी बघायला हवं.

पर्ससीनचे, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालून आवळायच्या मोठ्या जाळ्याचे, नियम वेगळे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ला त्यांच्यावर निर्बंध आणले: राज्याच्या हद्दीत मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच, आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत १८२वर आणायचे. म्हणजे जानेवारीत १२ मैलांच्या आत पर्ससीन दिसलं, तर परवाना आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आता मासळी. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या मासळीची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. केरळनंतर असं करणारं हे दुसरं राज्य. सिल्व्हर पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. याहून लहान मासळी धरायची नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलं गेलं. सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता, आणि त्यांचा पापलेटवरचा हक्क कोणी नाकारणार नाही.

१३५ मिलिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या अख्ख्या पंजाहूनही लहान. मर्यादा मुळातच सैल आहे, माझ्या मते जास्तच सैल. तरीही त्याखालची पिल्लं लिलावाला येतात. त्यांना भाव नसतो, टोपलीवर जातात, पुष्कळशी फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) गाडीत. तीच पिल्लं काही महिने पाण्यात राहिली असती तर नगावर विकली गेली असती.

लिलावाच्या जागी एक मोजपट्टी कायमची ठेवा. फळीवर एका टोकाला उभी पट्टी ठोका, तिच्यापासून मिलिमीटरच्या खुणा करा, आणि १३५, १८०, ३७० या आकड्यांवर लाल रेघ. मासा आडवा ठेवून तोंड पट्टीला टेकवलं की दोन सेकंदांत कळतं. सगळी टोपली मोजायची गरज नाही. वरून, मधून आणि तळातून मूठभर मासे काढा. फक्त वरचे बघितलेत तर फसाल, मोठे मासे नेहमी वरच रचलेले असतात. मोजण्याची रीत जातीप्रमाणे बदलते, म्हणून अधिसूचनेतला तक्ता मोठ्या अक्षरांत छापून शेजारी लावा.

जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला तर

वन्यजीव कायद्याने संरक्षित असलेला प्राणी जाळ्यात अडकला, तर जाळं कापून त्याला जिवंत सोडायचं. जाळ्याच्या नुकसानीपोटी २०१८च्या अखेरीपासून राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. भरपाई मिळते ती पुराव्यावर. अडकलेल्या प्राण्याचा, जाळं कापतानाचा, सोडतानाचा आणि फाटलेल्या जाळ्याचा फोटो किंवा व्हिडिओ हवा, नौकेचा नंबर एका तरी फोटोत यायला हवा. किनाऱ्यावर आलात की लगेच सोसायटीमार्फत अर्ज करा. या योजनेतून आजवर कितीतरी कासवं आणि व्हेल शार्क परत समुद्रात गेले आहेत, आणि सोडणारे सगळे साधे खलाशी होते.

ट्रॉलरवाल्यांना कासव-निसटण यंत्र जाळ्यात बसवणं बंधनकारक आहे. न बसवल्यास १ ते ५ लाख रुपये दंड. ते नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची आयात थांबवली, आणि त्याची किंमत कोळंबी पकडणारा प्रत्येक जण चुकवतो आहे.

बंदीचे ६१ दिवस

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पश्चिम किनाऱ्यावर मासळीच्या पुष्कळ जातींच्या प्रजोत्पादनाचा हा काळ, आणि पावसाळ्यातला समुद्र माणसासाठीही धोक्याचा. वल्ह्या-शिडाच्या बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी अनेक मच्छीमार संघटनांची जुनी मागणी आहे. गुजरातमध्ये ती वाढवलेली आहे. समुद्र एकच असताना दोन राज्यांच्या तारखा वेगळ्या असण्याचा तोटा पालघरच्या मच्छीमाराला आणि गुजरातच्या मच्छीमाराला दोघांनाही होतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्रात उतरायची कोळीवाड्यांची रीत या दोन्ही सरकारांच्या आधीची आहे.

३१ मेच्या रात्रीपर्यंत नौका बंदरात हवी. समुद्रातून परतायला लागणारे दिवस आधीच धरून शेवटची फेरी ठरवा. ‘जून लागला तेव्हा वाटेत होतो’ हे कारण चालत नाही. बंदीत नौका बाहेर गेली आणि अपघात झाला, तर सरकारी नुकसानभरपाई मिळत नाही, शिवाय दंड आणि सवलतींवर गदा येते. खलाशाच्या घरच्यांना हे माहीत नसतं. मालकाने बोलावलं म्हणून तो जातो. सोसायटीने मे महिन्यात खलाशांना हे स्वतंत्रपणे, त्यांना समजेल त्या भाषेत सांगायला हवं.

होड्या पावसाळ्यासाठी शाकारून झाल्या की या दोन महिन्यांत कागदांची कामं उरका. परवान्याचं नूतनीकरण, अपघात विमा, किसान क्रेडिट कार्ड, राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावरची नोंदणी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये मिळतात आणि हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला आहे. त्यातून वीज, कर्ज, विमा यांत काय मिळू शकतं, याची चौकशी जिल्हा कार्यालयात याच काळात करा. हंगामात ना तुम्हाला वेळ असतो, ना त्यांना.

सोसायटीने काय करायचं

कायद्याची पहिली तपासणी आपल्याच जेट्टीवर झाली पाहिजे. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या: ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासळी आपल्या लिलावात बोलीला लागणार नाही. फक्त पकडणाऱ्यावर बोट ठेवून भागत नाही, घेणारा आहे म्हणून पकडणारा पकडतो. बोली लावणारे व्यापारी आणि लिलाव पुकारणारा या दोघांना सभेला बोलवा, ठरावावर त्यांच्या सह्या घ्या. कोळणींनाही बोलवा. किरकोळ बाजारात पिल्लं विकायला त्याच बसतात, आणि मासळी लहान होत चालल्याचं त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मी पाहिलेल्या अशा सभांत सर्वांत नेमकं बोलणाऱ्या बायकाच होत्या.

एक वही ठेवा: तारीख, नौकेचा नंबर, जाळ्याचा प्रकार, कोणत्या पाण्यात, कोणती मासळी किती, पिल्लं होती का. मोबाइलवर केलीत तरी चालेल, पण रोज झाली पाहिजे. दोन हंगामांनी हीच वही सरकारपुढे मागणी मांडताना तुमचा आधार होते. ‘मासळी कमी झाली’ म्हणणारे सगळेच असतात. अमुक महिन्यात अमुक पाण्यात बोंबील किती उतरले, हे तारखेसह सांगणारी सोसायटी क्वचित सापडते आणि तिचं म्हणणं ऐकलं जातं.

बेकायदा नौका दिसली तर

एलईडी लावून मासेमारीला आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या बुल ट्रॉलिंगला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या पाण्यात बंदी घातली. राज्याच्या पाण्यातही बंदी आहे, आणि सुधारित कायद्यात त्यासाठी ५ ते २० लाख रुपये दंड आहे. जनरेटरवर हजारो वॅटचे दिवे पेटवले की आसपासच्या पाण्यातली मासळी त्या उजेडाकडे खेचली जाते आणि पर्ससीनचा वेढा पडतो. पहाटे वावरी जाळं लावणाऱ्याला त्या पट्ट्यात काही मिळत नाही. पर्ससीनच्या नियमभंगाला १ ते ६ लाख, परराज्यातल्या नौकेने घुसखोरी केली तर २ ते ६ लाख, आणि त्याशिवाय पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

अशी नौका दिसली तर पहिली गोष्ट: जवळ जाऊ नका. भर समुद्रात नौका आडव्या घालणं, जाळी कापणं, दगडफेक हे सगळं या किनाऱ्यावर घडलेलं आहे, आणि त्यातून पोलीस प्रकरणं झाली ती बहुतेक वेळा लहान मच्छीमारांवरच. राग खरा आहे. पण गुन्हा तुमच्या नावावर लागला की मूळ तक्रार मागे पडते.

लांबूनच या गोष्टी टिपा. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, आणि त्या पडद्याचाच फोटो, म्हणजे वेळही त्यात येते. नौकेचा नंबर, तो झाकलेला किंवा खोडलेला असेल तर तसंच लिहा, कारण नंबर लपवणं हाही नियमभंगच. नौकेचा रंग, केबिनचा आकार, दिवे किती आणि कुठे. जाळं पाण्यात आहे का, ओढताहेत का, मासळी चढवताहेत का. नुसती नौका उभी दिसणं पुरेसं नाही, मासेमारी चालू असल्याचं दिसायला हवं. व्हिडिओ सलग काढा, सुरुवातीला जीपीएसचा पडदा दाखवा आणि मग न थांबवता कॅमेरा त्या नौकेकडे वळवा. तुकडे जोडलेला व्हिडिओ सुनावणीत टिकत नाही. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सअॅपवर गेलेल्या प्रतीतली माहिती गळते.

मग फोन. सागरी पोलिसांसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४. आपल्या विभागाच्या परवाना अधिकाऱ्याचा आणि गस्तीनौकेचा नंबर तांडेलाच्या फोनमध्ये आधीपासून असू द्या. जानेवारी २०२५ पासून राज्यात नऊ ठिकाणांहून ड्रोनने पाहणी सुरू झाली आहे: शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे आणि देवगड. यापैकी जवळच्या ठिकाणाचं नाव सांगून ‘ड्रोन पाठवा’ अशी थेट मागणी करा. ड्रोनचं चित्रण विभागाचं स्वतःचं असतं, त्यामुळे पुरावा म्हणून त्याचं वजन जास्त.

तक्रार पुढे सरकवणं

किनाऱ्यावर आलात की त्याच दिवशी लेखी अर्ज. तो जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या नावे करा. २०२१च्या सुधारणेपूर्वी असे दावे तहसीलदारांपुढे चालायचे आणि महसुलाच्या कामांखाली दबायचे. आता अभिनिर्णयाचे (दाव्यावर निकाल देण्याचे) अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाकडेच आहेत, म्हणून जबाबदारीही एकाच कार्यालयाची.

अर्ज एका पानाचा असावा. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, किनाऱ्यापासूनचं अंतर, नौकेचा नंबर किंवा वर्णन, काय चालू होतं, साक्षीदार कोण, सोबत काय जोडलं आहे. आपल्या व्यथा, पिढ्यानपिढ्यांची परंपरा, सरकारचं दुर्लक्ष हे सगळं दुसऱ्या निवेदनात लिहा. या अर्जात फक्त घडलेली गोष्ट. एकट्याने देण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर द्या; गावात वैर ओढवून घ्यायची भीती असते, आणि संस्थेच्या नावाने दिलं की ती बरीच कमी होते. पोच घ्या, तारखेचा शिक्का बघा.

पुढे काय होतं हे माहीत असलं तर विचारणा नेमकी करता येते. अंमलबजावणी अधिकारी नौका पकडतो, पंचनामा करतो, मासळीचा लिलाव करून पैसे सरकारजमा करतो आणि अभिनिर्णय अधिकाऱ्याकडे प्रतिवेदन दाखल करतो. सुनावणी होते, नौकामालकाला बाजू मांडायची संधी मिळते, मग दंडाचा आदेश. म्हणून महिन्याभराने कार्यालयात जाऊन ‘काय झालं साहेब?’ एवढंच विचारू नका. प्रतिवेदन दाखल झालं का, त्याचा क्रमांक काय, सुनावणीची तारीख कोणती, असे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. त्यात गस्तीनौकेची त्या महिन्याची लॉगबुकची प्रत मागा. गस्त किती दिवस झाली, कोणत्या पाण्यात झाली, डिझेल किती लागलं, हे सगळं त्यात असतं.

आदेश झाला की त्याची प्रत मिळवा आणि सोसायटीच्या फलकावर लावा, नौकेच्या नंबरासकट. दंड भरला गेला का, हेही दोन महिन्यांनी लेखी विचारा, कारण आदेश होणं आणि वसुली होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाच्या रकमा गुन्ह्याच्या पुनरावृत्तीनुसार चढत जातात. त्याच नंबराची नौका पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्याच्या पाण्यात सापडली, तर तिथल्या सोसायटीला जुना आदेश अर्जाला जोडता आला पाहिजे. त्यासाठी शेजारच्या चार-पाच सोसायट्यांच्या सचिवांचा एक ग्रुप करा आणि त्यात शुभेच्छा, बातम्या काही नको: फक्त नौकांचे नंबर, तारखा आणि आदेशांच्या प्रती.